हाळ गावची हाळी

रायगड जिल्ह्यात, खोपोलीजवळ, खालापूर तालुक्यात हाळ नावाचे एक गाव आहे. मुंबईहून पुण्याकडे निघालेला प्रवासी तेथवर येतो तेव्हा त्याचे चित्त पुढच्या घाटात गुंतलेले असते. या गावाकडे मान वळवून पाहण्याचे त्याला काही कारण नसते. असे असूनही जगातल्या अगणित माणसांनी हे गाव पडद्यावर पाहिले आहे. आपण पाहिले ते हाळ होते, एवढेच त्यांना ठाऊक नाही.

१९७७ सालच्या आरंभी स्टीव्हन स्पिलबर्ग हा अमेरिकन दिग्दर्शक आपला ताफा घेऊन येथे आला. जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते. 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड' या चित्रपटातील एक प्रसंग त्याला हिंदुस्थानात चित्रित करावयाचा होता. माळावर मोठा जनसमुदाय बसला आहे, सारे मिळून पाच स्वरांची एक लहानशी ओळ पुन्हा पुन्हा गात आहेत. फ्रेंच शास्त्रज्ञ लाकोम्ब (ही भूमिका फ्रान्स्वा त्रुफो या नामवंत फ्रेंच दिग्दर्शकाने केली आहे) तेथे येतो आणि विचारतो, हे सूर तुमच्याकडे आले कोठून? त्यावर शेकडो हात एकाच वेळी वर उठतात आणि शेकडो बोटे आकाश दाखवितात. त्या क्षणी पडद्यावर एकही यंत्र नाही, विमान नाही, दिव्यांची झगमग नाही. माणसे आहेत, सूर आहेत आणि वर मोकळे आभाळ आहे. सगळ्या चित्रपटात अंगावर काटा आणणारा प्रसंग कोणता असे आम्हांस कोणी विचारले, तर शेवटी उतरणाऱ्या त्या प्रचंड यानाऐवजी आम्ही हाच प्रसंग सांगू.

लांबून मारलेल्या हाकेला मराठीत हाळी म्हणतात. हाळ गावाने आकाशाला हाळी द्यावी, हा नावातला योगायोग आम्हांस गोड वाटतो. चित्रपटात मात्र हे स्थळ 'उत्तर हिंदुस्थानातील धर्मशाला' म्हणून दाखविले आहे. पडद्यावरच्या भूगोलाला असली मोकळीक असतेच, त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. पण आपण तरी हे गाव विसरू नये, एवढ्यासाठी त्याचे नाव येथे प्रथम लिहिले.

या विषयाकडे वळण्यास निमित्त झाले ते माजलगावच्या आमच्या तरुण मंडळींचे. आमच्याकडे येणाऱ्या मुलांत विज्ञानकथांची गोडी असलेले तीन-चार जण आहेत. ग्रंथालयातून पुस्तके आणतात, मोबाईलवर परदेशी चित्रपट पाहतात आणि त्यावर तावातावाने बोलतात. त्यांचे मत असे, की अशा कथेत विज्ञान हे मुख्य अन्न. गाणे, चित्र, मूर्ती हे सारे तोंडी लावणे. लोणच्याची फोड नसली तरी माणूस उपाशी राहत नाही. युक्तिवाद सुटसुटीत आहे. विज्ञानकथेचा आणि अद्भुतकथेचा इतिहास मात्र त्याच्या बाजूने साक्ष देत नाही, आणि तो इतिहास आपल्या लोकांच्या इतक्या जवळून गेलेला आहे की तो आपल्या घरात माहीत असावयास हवा.

प्रथम त्या चित्रपटाचेच पाहू. परग्रहावरून आलेल्यांशी बोलावयाचे कसे, हा त्यातला प्रश्न आहे. त्यांना आपली भाषा येत नाही, आपल्याला त्यांची येत नाही. उत्तर म्हणून कथेने पाच सूर पुढे केले. संगीतकार जॉन विल्यम्स यांनी या पाच सुरांच्या तीनशेहून अधिक जुळण्या करून पाहिल्या, त्यांतून एक निवडली गेली. आपल्या भाषेत सांगावयाचे तर रे, ग, सा, मग खालच्या सप्तकातला सा आणि शेवटी त्याच सप्तकातला पंचम. ऐकणाऱ्याच्या ध्यानात येईल की ही ओळ षड्जावर विसावत नाही, पंचमावर थांबते. ती पुरी झालेली चाल वाटत नाही, उत्तराची वाट पाहणारा प्रश्न वाटते. चित्रपटाच्या अखेरीस यान त्याच सुरांत उत्तर देते आणि प्रत्येक सुराबरोबर रंगीत दिवे उजळतात. कान आणि डोळा दोघांनाही एकच गोष्ट सांगितली जाते.

एवढ्यावरच थांबत नाही. ज्या सामान्य माणसांना त्या भेटीची ओढ लागते, त्यांच्या मनात एका डोंगराचा आकार येऊन बसलेला असतो. तो डोंगर कोणता, कोठे आहे, हे त्यांना माहीत नाही. वीज मंडळात काम करणारा नायक जेवणाच्या ताटातल्या कुस्करलेल्या बटाट्याचा डोंगर रचतो, पुढे घरात माती आणून तोच घडवितो. बायकामुले त्याला वेडा ठरवितात. दुसरी एक स्त्री तोच डोंगर चित्रांत काढीत बसते. कळण्याच्या आधी हात घडवितो, हे या कथेचे मर्म आहे. यातले शिल्प आणि चित्र काढून टाका, कथेला पुढे सरकावयास वाटच उरत नाही. मग तोंडी लावणे कोणते आणि अन्न कोणते?

त्या पाच सुरांसाठी लाकोम्ब हाताच्या खुणा करून दाखवितो. प्रत्येक स्वराला पंजाची एक ठेवण. या खुणा स्पिलबर्गच्या कल्पनेतून निघालेल्या नाहीत. हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय यांच्या शिक्षणपद्धतीतून त्या आल्या. त्या पद्धतीत त्या आल्या जॉन कर्वेन या एकोणिसाव्या शतकातील इंग्रज पाद्र्याकडून. नोटेशन न वाचता येणाऱ्या गोरगरीब मुलांना समूहाने गाता यावे म्हणून त्याने ही रीत बसविली होती. त्याच्याही मागे गेलो तर आपण अकराव्या शतकात पोहोचतो. आरेत्सो नगरीतील ग्विदो या बेनेदिक्त संघाच्या साधूने मठातील मुलांना प्रार्थनागीते लवकर पाठ व्हावीत म्हणून योहान बाप्तिस्त्याच्या स्तोत्राचा आधार घेतला. त्या स्तोत्राची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीहून एक स्वर वर सुरू होते. त्या ओळींच्या आद्याक्षरांवरून त्याने स्वरांना नावे दिली. आज 'दो रे मी' म्हणून जी स्वरनामे जगभर शिकविली जातात त्यांचे मूळ ते. हाळच्या माळावर घुमलेले सूर आणि लाकोम्बचे हातवारे यांच्या पाठीशी मठातल्या पोरांची अशी हजार वर्षांची घोकंपट्टी उभी आहे.

पण संगीत हीच परक्याशी बोलण्याची भाषा, ही कल्पना विज्ञानकथेत आली कधी? ती कथा आमच्या मते या चित्रपटाहूनही रंगतदार आहे, आणि तिचा एक धागा गोव्यातून जातो.

१५७८ साली मात्तेओ रिची हा तरुण इटालियन येशूसंघीय गोव्याच्या बंदरात उतरला. पुढच्याच वर्षी तेथे टॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशूसंघीय आला. रिची मधल्या काळात कोचीनला गेला, परत गोव्यात येऊन ईशज्ञानाचा अभ्यास करू लागला आणि १५८२ मध्ये चीनच्या वाटेला लागला. स्टीफन्स येथेच राहिला, आमरण राहिला. दोघांपुढे संकट एकच होते: सर्वस्वी अनोळखी लोक, अनोळखी भाषा. स्टीफन्सने काय केले हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना त्यांच्या जुन्या पुराणांची जागा भरून काढील असे काही हवे होते. त्याने गद्य प्रवचनांचे बाड त्यांच्या हाती ठेवले नाही. त्याने ओवी उचलली, कारण ओवी गाता येते. १६१६ साली राशोल येथे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे, आणि ते देवळांतून गाइले गेले. रिची तिकडे १६०१ मध्ये पेकिंगच्या दरबारात पोहोचला तेव्हा सम्राटाला द्यावयाच्या भेटींत घड्याळांबरोबर एक पट्ट्यांचे तंतुवाद्यही होते. त्याच्या सोबतीच्या पांतोहा या धर्मगुरूने दरबारातील खोजांना ते वाजविण्यास शिकविले आणि रिचीने त्या वाद्यावर म्हणण्यासाठी आठ गीतांचे शब्द चिनी भाषेत रचून दिले.

चिनी भाषेने युरोपीय धर्मगुरूंना चकित केले होते. एकच उच्चार, पण स्वर चढविला की अर्थ निराळा, उतरविला की निराळा. रिचीच्या टिपणांवरून निकोला त्रिगो या सहकाऱ्याने लॅटिनमध्ये तयार केलेला ग्रंथ १६१५ मध्ये युरोपात प्रसिद्ध झाला आणि सुरांनी अर्थ बदलणाऱ्या या भाषेची वार्ता विद्वानांत पसरली. ती फ्रान्सिस गॉडविन या अँग्लिकन बिशपापर्यंत पोहोचली असे अभ्यासक मानतात. गॉडविनचा मृत्यू १६३३ मध्ये झाला. १६३८ मध्ये त्याचे नाव न देता एक छोटे पुस्तक निघाले, 'चंद्रावरचा माणूस' अशा अर्थाच्या नावाचे. दोमिंगो गोन्सालेस नावाचा एक स्पॅनियार्ड रानहंसांच्या थव्याला बांधलेल्या चौकटीवर बसून चंद्रावर जातो. तेथील लोक बोलतात ते शब्दांपेक्षा चालींनी. गॉडविनने नुसते सांगून सोडले नाही; त्या चांद्रभाषेचे मासले त्याने चक्क पाच रेघांच्या नोटेशनमध्ये छापले, आणि नायकाचे नाव त्या भाषेत कसे होईल तेही लिहून दाखविले. गोन्सालेस घाबरून प्रभू येशूचे आणि मरियेचे नाव घेतो तेव्हा ते उंच चंद्रवासी गुडघे टेकतात. परतीच्या प्रवासात हंस त्याला उतरवितात ते चीनमध्ये, आणि तेथे त्याची भेट होते येशूसंघीयांशी! अँग्लिकन बिशपाने आपल्या कथेचा शेवट त्यांच्या घरी न्यावा, यातली गंमत त्या काळचे धार्मिक वैर ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल.

सुरांनी बोलणारे परग्रहवासी जन्मास आले ते अशा रीतीने. त्यांचे मूळ प्रयोगशाळेत नाही. माणसाला माणूस अनोळखी भेटला, शब्द अडला, आणि कान मदतीस धावला. त्या अनुभवाची छाया चंद्रावर पडली.

गॉडविनच्या पुस्तकाच्या चारच वर्षे आधी, १६३४ मध्ये, जर्मनीत योहान्नेस केप्लरचे 'सोम्नियम' म्हणजे 'स्वप्न' छापले गेले, तेही लेखकाच्या मृत्यूनंतर, मुलाच्या हातून. चंद्रावरून पृथ्वी कशी दिसेल, तेथे दिवस किती मोठा असेल, हे खगोलशास्त्राच्या आधारे सांगणारी ही कथा अनेक जण पहिली विज्ञानकथा मानतात. कथेतील नायकाची आई मंत्रतंत्र जाणणारी दाखविली आहे. या हस्तलिखिताची कुजबूज गावात पसरून आपल्या वृद्ध आईवर चेटकीणपणाचा आळ येण्यास ती कारण झाली, ही खंत केप्लरला आयुष्यभर टोचत राहिली. आईवरचा खटला अनेक वर्षे चालला, ती कैदेत होती, आणि १६२१ मध्ये सुटली. कथा लिहिणे हा तेव्हा जिवावरचा उद्योग होता. याच केप्लरने, याच धामधुमीत, १६१९ मध्ये 'हार्मोनिकेस मुंदी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रहांच्या गतीचा तिसरा नियम त्यात आहे, आणि प्रत्येक ग्रह आपल्या कमीअधिक वेगानुसार कोणते सूर आळवितो याचे नोटेशनही त्यातच आहे. पृथ्वीच्या वाट्याला 'मी, फा, मी' एवढेच आले. या अक्षरांवरून त्याने केलेला विनोद कडू आहे: लॅटिनमध्ये दैन्य आणि दुष्काळ या शब्दांची सुरुवात याच अक्षरांनी होते. हे संगीत कानाने ऐकू येत नाही, बुद्धीने ऐकावयाचे असते, हे त्याने स्पष्ट केले आहे. गणित, कथा आणि संगीत या तीन खोल्यांना त्याच्या घरात भिंती नव्हत्या.

आता आपल्याकडे येऊ. मराठी माणसाचे अद्भुत नेहमीच गात आलेले आहे. येथे मराठवाड्यात गोंधळी संबळाच्या तालावर एकेका ठिकाणच्या देवतेला नाव घेऊन बोलावितो. अदृश्याला बोलवावयाचे तर सुराने आणि तालाने, हे त्याला कोणी शिकवावे लागले नाही. हाळच्या माळावरची माणसे आकाशाकडे तोंड करून गाताना अवघडलेली दिसत नाहीत, याचे आम्हांस नवल वाटत नाही. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. त्या प्रकारच्या नाटकांत देवपार्टी असे, राक्षसपार्टी असे, राक्षसांच्या आरोळ्यांवरून लोक त्यांना 'अलल्डुर्र' नाटके म्हणत. पण कथा चालविणारी पदे सूत्रधार गात असे. राक्षस ओरडणार, देव गर्जणार, आणि प्रेक्षकाला त्या जगात धरून ठेवणार ते सूत्रधाराचे गाणे. फाळक्यांनी 'लंकादहन' आणि 'कालिया मर्दन' यांत कॅमेऱ्याच्या करामती दाखविल्या तेव्हा पडदा मुका होता, पण थिएटरात पेटी-तबला वाजत असे. १९३६ साली 'प्रभात'ने 'संत तुकाराम' काढला. दामले आणि फत्तेलाल हे चित्रकारीतून आलेले दिग्दर्शक, संगीत केशवराव भोळे यांचे. शेवटी विमान वैकुंठास जाते. आजच्या मुलांना ती युक्ती भाबडी वाटेल. विमान खरे कसे वाटले, याचे उत्तर पडद्यावरील कारागिरीत अर्धेच सापडते. उरलेले अर्धे त्याआधीच्या दोन तासांच्या अभंगांत आहे.

मराठी विज्ञानकथेने मात्र हे गाणे मागे ठेवले असे आमचे मत आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे आद्याक्षरे उलटी फिरविलेले डॉ. जयंत विष्णू नारळीकर. पुढल्या वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी त्यांच्या कथांची दखल घेतली आणि ही वाट रुंद झाली. १९७९ मध्ये 'यक्षांची देणगी' हा संग्रह आला. नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात निवर्तले. एका पिढीला विज्ञानाची गोडी लावणारा इतका सोज्ज्वळ कथाकार पुन्हा लवकर होणे नाही. त्यांच्या आणि त्यांच्या नंतरच्या लेखकांच्या ज्या कथा आमच्या वाचनात आल्या, त्यांत कृष्णविवर आहे, संगणक आहे, यंत्रमानव आहे, प्रसंगी राजकारणही आहे. गाणारे माणूस क्वचित आढळते. परिषदा आणि स्पर्धा यांच्या अंगणात वाढल्यामुळे असेल, या कथेला आपण काही शिकविले पाहिजे असे सारखे वाटत राहिले. शिकविणाऱ्याचा गळा बहुधा मोकळा नसतो. हे आम्ही व्यासपीठावरून बोलणारा एक धंदेवाईक म्हणूनच म्हणतो.

तरीही 'यक्षांची देणगी' याच संग्रहात 'उजव्या सोंडेचा गणपती' ही कथा आहे, आणि ती आमच्या तरुण मित्रांनी पुन्हा वाचावी. कागदाच्या पट्टीला एक पीळ देऊन टोके जोडली म्हणजे जी विलक्षण पट्टी तयार होते, तिच्यावरून फिरून आलेली आकृती आरशातल्या प्रतिबिंबासारखी उलटते. तसेच काही अवकाशाच्या बाबतीत घडले तर? कथेत क्रिकेटपटूचा हात बदलतो, आणि डाव्या सोंडेची मूर्ती उजव्या सोंडेची होऊन बसते. गणिती सिद्धान्त समजावयास कठीण. गोलंदाजाचा हात बदलला तर कोणी म्हणेल, सराव केला असेल. मूर्ती सराव करीत नाही. मूर्तिकाराने एकदा ठरविलेली सोंड उलट वळली आहे, हे महाराष्ट्रातल्या शेंबड्या पोरालाही दिसते आणि त्या सोंडेचे महत्त्वही त्याच्या घरात माहीत असते. सबंध कथेचा पुरावा नारळीकरांनी एका कारागिराच्या हातच्या वस्तूवर ठेवला. विज्ञानाला साक्षीदार लागला तेव्हा शिल्प उभे राहिले. हीच वाट पुढे अधिक चालली गेली असती तर मराठी विज्ञानकथा आज अधिक श्रीमंत असती.

पुन्हा १९७७ सालाकडे वळू, कारण त्या सालाने कल्पना आणि वास्तव यांतली रेघ पुसट करून टाकली. हाळचे चित्रीकरण झाल्यावर काही महिन्यांतच, २० ऑगस्ट आणि ५ सप्टेंबर रोजी, अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने सोडली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी आहे. कधी काळी परक्या कोणाच्या हाती पडलीच, तर त्याला पृथ्वीची ओळख व्हावी म्हणून. शंभरावर चित्रे, पंचावन्न भाषांतील अभिवादने (त्यांत मराठी आहे) आणि सुमारे दीड तासाचे संगीत. कार्ल सेगन यांच्या ज्या समितीने ही निवड केली तिने पृथ्वीवरच्या ध्वनींचा आरंभ केप्लरच्या ग्रहसंगीतापासून केला: त्याच्या ग्रंथातील गणित संगणकावर चढवून त्याचे सूर काढण्यात आले. चारशे वर्षांपूर्वी बुद्धीने ऐकलेले संगीत अशा रीतीने कानाला ऐकू आले, आणि ज्या ग्रहांवरून ते सुचले त्यांच्या अंगावरून पुढे निघून गेले.

हिंदुस्थानचे संगीत म्हणून त्या तबकडीवर एकच ध्वनिमुद्रिका आहे. सूरश्री केसरबाई केरकरांची, भैरवीतली, 'जात कहाँ हो', साडेतीन मिनिटांची. फोंडा महालातील केरी गावी १८९२ मध्ये जन्मलेल्या, अल्लादियाखाँसाहेबांच्या तालमीत वर्षानुवर्षे घासल्या गेलेल्या या बाई. मान्यवरांनाही धाक वाटावा असा त्यांचा दरारा. १९६९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांची ही मुद्रिका निवडावी असे संगीतसंशोधक रॉबर्ट ब्राउन यांनी सुचविले. पण ती बाजारातून केव्हाच नाहीशी झाली होती. शोधता शोधता न्यूयॉर्कमध्ये एका हिंदी कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखाली पडलेल्या खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. पृथ्वीची म्हणून जी मैफल ताऱ्यांकडे जावयाची होती तीत आपली जागा एका अडगळीच्या खोक्यामुळे राहिली! दुसरे यान सुटल्यावर अकराच दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, केसरबाई मुंबईत निवर्तल्या.

त्याच्या आदल्या दिवशी, १५ सप्टेंबरला, इंग्लंडात जे. आर. आर. टॉल्कीन यांचे 'सिल्मरिलियन' प्रसिद्ध झाले. लेखक चार वर्षांपूर्वी वारले होते. पुत्राने कागदपत्रे लावून पुस्तक सिद्ध केले. टॉल्कीन हे श्रद्धावान कॅथलिक. आईने १९०० मध्ये कॅथलिक धर्म स्वीकारला म्हणून नातेवाइकांनी मदत तोडली आणि मुलांना हलाखीत दिवस काढावे लागले, हे त्यांच्या चरित्रात आहे. त्यांच्या या अद्भुत पुराणाचा आरंभ सृष्टीच्या उत्पत्तीने होतो, आणि ती उत्पत्ती गाण्यातून होते. सृष्टिकर्ता विषय देतो, दूतगण तो गातात. त्यांतला सर्वांत समर्थ असा एक जण अहंकाराने आपला बेसूर मध्ये घुसवितो. येथे टॉल्कीनांची प्रतिभा दिसते. सृष्टिकर्ता गाणे थांबवून त्याला हाकलून देत नाही. त्याचा कर्कश सूरही नव्या चालीत ओवून घेतो आणि ती चाल पूर्वीपेक्षा गंभीर, दुःखाने सखोल होते. पाप आणि तारण यांविषयी पुष्कळ पाने आम्ही सेमिनरीत वाचली. त्यांतली फार थोडी या दोन-तीन पानांइतकी स्मरणात राहिली.

काही वाचक म्हणतील, व्हॉयेजरची तबकडी ही कथा नव्हे, वस्तुस्थिती आहे. तिला येथे आणण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन असे, की शास्त्रज्ञांनी तिच्यात जे केले ते गॉडविनच्या कथेतले आहे. परक्याला गणित पाठवावे की गाणे, हा प्रश्न खरोखर त्यांच्यापुढे आला तेव्हा त्यांनी गणित थोडे आणि गाणे फार पाठविले. तरुण मित्रांच्या लोणच्याच्या उपमेला याहून दुसरे उत्तर आम्हांस सुचत नाही.

पहिले यान २०१२ मध्ये आणि दुसरे २०१८ मध्ये सूर्याच्या प्रभावाचे क्षेत्र ओलांडून ताऱ्यांमधल्या अवकाशात शिरले. तबकडीच्या आवरणावर ती किती वेगाने फिरवावी, सुई कोठे ठेवावी हे आकृत्यांनी कोरले आहे, सुईही सोबत दिली आहे. गीतांचा अर्थ कोठेही दिलेला नाही. शेवटच्या काही मुद्रिकांचा क्रम असा: प्रथम चिनी 'छिन' या तंतुवाद्यावरील एक प्राचीन रचना, रिचीने ज्या देशात आठ गीते रचली तेथली. तिच्यामागून केसरबाई. आणि केसरबाईंचा शेवटचा स्वर विरला की ब्लाइंड विली जॉन्सन हा अमेरिकेतील अंध, दरिद्री, कृष्णवर्णीय ख्रिस्ती गायक गिटारवर सुरू होतो. १९२७ मध्ये मुद्रित झालेल्या त्याच्या या गीताचे नाव गेथशेमनी बागेतील प्रभूच्या रात्रीवरच्या एका जुन्या स्तोत्रातून आले आहे. त्यात एकही शब्द नाही; तो नुसता कण्हतो आणि गुणगुणतो. त्यानंतर बेथोव्हेन, आणि तबकडी संपते.